दुसऱ्या महायुद्धातली पिस्टन इंजिनाची लढाऊ विमानं : सांगलीत आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, पलूस, तासगाव या भागातल्या आम्हा काही मंडळींना महायुद्धातल्या जुन्या लढाऊ विमानांचा नाद आहे. कुणी लेथवर काम करतं, कुणी कॉलेजात शिकवतं, एकजण सैन्यातून निवृत्त होऊन आलेले आहेत. शाळेत किंवा गणेशोत्सवाच्या प्रदर्शनात आम्ही मॉडेल्स मांडतो तेव्हा फिरून फिरून तेच प्रश्न येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काही रागाने. दोन्हींना नीट उत्तर मिळावं म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवलं आहे.

सांगलीत बसून ब्रिटिश-अमेरिकन विमानांचं वेड कशाला? आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. युरोपात युद्ध पेटलेलं, यंत्रसामग्री मिळायची मारामार, आणि इकडे सोलापूरचा एक उद्योजक विमानाचा कारखाना उभा करतो. काही महिन्यांत तिथे जुळवलेलं पहिलं हार्लो शिकाऊ विमान उडालं, पाठोपाठ कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. आजची एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ती हीच. कॉलेजच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, याचं आम्हाला वाईट वाटतं.

दुसरा धागा कारखान्यांचा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तेव्हापासून ओतकाम, घासकाम, पंप, इंजिन ही या भागातल्या घराघरांतली भाषा झाली. आमच्या भागातला फिटर स्पिटफायरच्या इंजिनाचं चित्र बघतो तेव्हा पहिल्यांदा विचारतो, "हेड वेगळं काढता येतं का ब्लॉकपासून?" असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला या विमानाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

तिसरा धागा रक्ताचा आहे. साताऱ्या-सांगलीची माणसं या युद्धात ब्रह्मदेशात, आफ्रिकेत आणि इटलीत लढली. त्यातल्या ब्रह्मदेशाबद्दल पुढे लिहिलं आहे.

पिस्टन इंजिनाचं लढाऊ विमान म्हणजे नेमकं काय?

मोटारीसारखंच सिलिंडर-पिस्टनचं इंजिन, त्याने फिरणारा पंखा म्हणजे प्रोपेलर, एक वैमानिक आणि पंखात किंवा नाकात बसवलेल्या बंदुका. साधारण १९३५ ते १९४५ हा त्यांचा बहराचा काळ. ब्रिटनची हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट, अमेरिकेची मस्टँग आणि थंडरबोल्ट, जर्मनीची मेसरश्मिट १०९ आणि फोकवुल्फ १९०, जपानची झीरो आणि हायाबुसा ही त्यातली ठळक नावं.

आजची जेट विमानं कितीतरी वेगवान आहेत. मग या जुन्या विमानांत एवढं काय?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न.

पहिलं उत्तर असं की हे यंत्र डोळ्यांना कळतं. स्पिटफायरचा दांडा हातात धरला की त्यातून निघालेल्या तारा, साखळ्या आणि सळया थेट पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत जातात. मध्ये संगणक नाही, ताकद वाढवणारी यंत्रणा नाही. हवा जेवढी दाबते तेवढं वैमानिकाच्या मनगटाला जाणवतं. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये पंखाच्या कडेची हलती फळी कापडाने मढवलेली होती. खूप वेगात ती फुगायची आणि दांडा दोन्ही हातांनीही हलेना व्हायचा. मग तिथे धातूचा पत्रा बसवला आणि दांडा पुष्कळ हलका झाला. अडचण काय, ती कुठून आली आणि ती कशी सोडवली, हे शाळेतल्या मुलालासुद्धा बोट दाखवून समजावता येतं. आजच्या लढाऊ विमानाबद्दल आम्हाला अपार आदर आहे, पण त्याचं पोट असं उघडून दाखवता येत नाही.

दुसरं उत्तर वेगाच्या चढाचं आहे. भारतीय हवाई दलाने १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत कामाला सुरुवात केली ती चार वापिती विमानांवर. दोन मजली पंख, उघडी बैठक, वेग तासाला जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. १९४६-४७ मध्ये त्याच हवाई दलाकडे टेम्पेस्ट आली, ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे जाणारी. दोन्हींची रीत तीच, इंजिनाने पंखा फिरवायचा. मधल्या तेरा-चौदा वर्षांत माणसांनी पत्रा, पेट्रोल, धातू, दाब, थंडावा या प्रत्येक गोष्टीतून जेवढं पिळून काढता येईल तेवढं काढलं.

आणि मग ते थांबलं. पंख्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाजवळ पोचला की पंखा हवेला नीट ढकलू शकत नाही, ताकद वाया जाते. इंजिन कितीही मोठं केलं तरी ही भिंत ओलांडता येईना. १९४४ च्या जुलैमध्ये जेट विमानं प्रत्यक्ष कामाला लागली आणि पिस्टन लढाऊ विमानाचा अध्याय मिटला. एखादी विद्या पूर्ण पिकावी आणि पिकल्या क्षणी तिची गरजच संपावी असं यंत्रांच्या इतिहासात क्वचितच झालं असेल. शेवटची टेम्पेस्ट किंवा ग्रिफन या मोठ्या इंजिनाची स्पिटफायर बघताना आम्हाला हे फार जाणवतं. त्या जातीत याहून पुढे जायला जागाच उरली नव्हती.

तो आवाज नेमका कशाचा असतो? लोक आवाजासाठी वेडे होतात म्हणे.

होतात, आणि ते बरोबर आहे. रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन घ्या. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन ओळी व्ही आकारात, एकूण आकारमान २७ लिटर. म्हणजे ३५० च्या जुन्या ७८ बुलेटची इंजिनं एका क्रँकवर बांधावीत एवढं. पूर्ण जोरात ते मिनिटाला ३,००० फेरे घेतं. चार स्ट्रोकचं असल्याने प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. हिशेब करा : सेकंदाला ३०० स्फोट. त्यांना सायलेन्सर नाही. सिलिंडरमधून निघालेला धूर वीतभर नळीतून सरळ बाहेर फेकला जातो आणि जाता जाता विमानाला थोडा धक्काही देऊन जातो.

त्यात पंख्याचा आवाज मिसळतो. पंखा इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो, मध्ये गिअर असतात. वर सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची, बारीक शीळ. हे तिन्ही सूर एकत्र येतात. विमान अंगावरून जाताना सूर उतरतो आणि पोटात काहीतरी हलतं. फोनच्या स्पीकरवर त्यातला दहावा भागही ऐकू येत नाही. ऐकायचंच असेल तर चांगले हेडफोन लावा आणि संगीत मिसळलेले व्हिडिओ टाळा.

टेम्पेस्ट-२ चं सेंटॉरस इंजिन वेगळ्या जातीचं. अठरा सिलिंडर गोलाकार मांडलेले, ५३ लिटरच्या वर आकारमान, आणि वॉल्व्हच्या जागी सरकत्या नळ्या. त्याचा आवाज खोल आणि बसका. आमच्यात यावरून दोन तट आहेत. मी मर्लिनच्या बाजूचा.

इंजिन सुरू करताना कॉकपिटमध्ये काय काय करावं लागतं?

चावी फिरवली आणि निघाले, असं काही नसतं. स्पिटफायरपुरतं सांगतो.

आधी पेट्रोलचे कॉक उघडायचे. थ्रॉटल अर्धा इंच पुढे. पंख्याच्या पात्यांचा कोन ठरवणारा दांडा पूर्ण पुढे. रेडिएटरचं झाकण उघडं. मग उजव्या हाताशी एक छोटा हातपंप असतो, त्याने इंजिनात पेट्रोल मारायचं. थंडी असेल तर जास्त वेळा, इंजिन गरम असेल तर एखाद-दुसराच. हा अंदाज चुकला तर एकतर इंजिन पेटत नाही किंवा नळ्यांतून जाळ येतो. म्हणून आग विझवायचं नळकांडं घेतलेला माणूस बाहेर उभाच असतो. मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रांचे) दोन्ही स्विच चालू करून दोन बटणं एकदम दाबायची. पंखा जडपणे दोन-तीन पाती फिरतो. एक सिलिंडर खोकतो, मग दुसरा. निळा-पांढरा धूर मागे वाहतो आणि अचानक बाराही सिलिंडर एका लयीत येतात.

खरी परीक्षा त्यानंतर. शेपटी जमिनीला टेकलेली असल्याने लांबलचक नाक आभाळाकडे रोखलेलं असतं आणि वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही. डावी-उजवीकडे नागमोडी वळत, बाजूने बघत बघत धावपट्टीवर जायचं. त्यात घाई, कारण रेडिएटर पंखाखाली आहे आणि चाकाचा पाय त्याच्या वाऱ्याला आडवा येतो. जमिनीवर फार वेळ रेंगाळलं की पाणी उकळायला लागतं. उडण्याआधी प्रत्येक मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघायचा. सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण २४, त्यातला कुठला रुसलाय ते फेरे किती उतरले यावरून कळतं. या वेळी इंजिनाचा जोर एवढा असतो की शेपटी उचलू नये म्हणून मागे माणूस बसवत.

थ्रॉटल पुढे केला की मर्लिनचं विमान डावीकडे ओढतं. उजवा पाय दाबून धरायचा. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा उलट फिरतो, ती उजवीकडे ओढते. मर्लिनची सवय झालेल्यांना याची आधीच ताकीद दिली जाई. अगदी पहिल्या स्पिटफायरमध्ये तर चाकं वर घ्यायला हातपंप होता, तोही उजवीकडे. म्हणजे जमीन सुटल्या सुटल्या दांडा डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्या हाताने पंप मारायचा. पंप मारताना डावा हातही नकळत हलायचा, त्यामुळे नवशिक्याचं विमान नाक वर-खाली करत जायचं. बाहेरून बघणाऱ्याला लगेच कळायचं, पोरगा नवा आहे.

स्पिटफायरचंच एवढं कौतुक का? हरिकेननेही युद्ध जिंकलं ना?

हरिकेनवर अन्याय झाला आहे, हे आम्ही मान्य करतो. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत शत्रूची निम्म्याहून जास्त विमानं हरिकेननी पाडली. तिची मागची बाजू लोखंडी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि कापड अशी होती. गोळी आरपार गेली तर ठिगळ मारून ती दुसऱ्या दिवशी परत उडे. साध्या सुतार-फिटरला दुरुस्त करता येईल अशी ती होती आणि आपल्या वैमानिकांनी ब्रह्मदेशात सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच ठेवला.

तरीही स्पिटफायर बघितली की नजर हटत नाही. रेजिनाल्ड मिचेलने आखलेलं हे विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मिचेल कर्करोगाने गेला. आपल्या विमानाच्या वीस हजारांहून जास्त प्रती निघाल्या हे त्याला बघायला मिळालं नाही. लंबगोल पंख दिसायला देखणे आहेतच, पण ते देखणेपणासाठी केलेले नव्हते. पंख पातळ हवा, आणि मुळाशी चाक व बंदुका मावतील एवढा रुंदही हवा, या दोन गरजांतून तो आकार आला.

तिच्या बारकाव्यांची एक गोष्ट आम्ही प्रत्येक प्रदर्शनात सांगतो. पत्रे जोडायला रिव्हेट लागतात. डोकं पत्र्याच्या पातळीत बसवलेलं सपाट रिव्हेट हवेला अडत नाही, पण ते बसवायला वेळ आणि पैसा जास्त. गोल डोक्याचं रिव्हेट स्वस्त. मग सपाट रिव्हेट कुठे लागतातच आणि कुठे गोल चालतील? हे शोधायला विमान बनवणाऱ्यांनी वाटाण्याची डाळ आणली. पहिल्या नमुना विमानाच्या सपाट रिव्हेटांवर एकेक डाळ चिकटवली, म्हणजे सगळी रिव्हेट गोल डोक्याची असल्यासारखी झाली. उडवून बघितलं तर वेग तासाला ३५ किलोमीटरने घटला. मग एकेक ओळ डाळ खरवडून काढायची आणि पुन्हा उडवायचं. पंखावर सपाटच हवीत आणि धडाच्या काही भागावर गोल चालतील, हे अशा रीतीने ठरलं. प्रदर्शनात आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर डाळ चिकटवून ठेवतो. हात फिरवून बघितला की मुलांना हवेचा अडथळा म्हणजे काय ते कळतं.

सगळ्यात चांगलं लढाऊ विमान कोणतं?

कशासाठी, ते आधी सांगा. आठ बंदुकांच्या पहिल्या स्पिटफायरने घोडा सलग दाबून धरला तर पंधराएक सेकंदांत गोळ्या संपत. पेट्रोलही ३८६ लिटरच. घरावर आलेल्या शत्रूला हाकलायला ती उत्तम, पण लांब जायला निरुपयोगी. मस्टँग नेमकी उलट. आधीचं अॅलिसन इंजिन उंचावर दम टाकायचं. १९४२ मध्ये तिच्यात मर्लिन बसवून बघितलं आणि ती वेगळंच विमान झाली. बाहेरच्या टाक्या लावून ती इंग्लंडहून बर्लिनला जाऊन परत येई. झीरो हलकी, चपळ आणि लांब पल्ल्याची, पण वैमानिकामागे चिलखत नाही आणि गोळी लागली की टाकी पेटणार. त्या हलकेपणाची किंमत पुढे जपानी वैमानिकांनी जिवाने मोजली.

एकच निवडायची सक्ती केली तर मी मर्लिन इंजिनाची मस्टँग निवडेन. युद्धाचा निकाल बदलण्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा.

शत्रूच्या विमानांचं कौतुक करणं तुम्हाला पटतं का? हे युद्धाचं उदात्तीकरण नाही का?

हा प्रश्न रागाने येतो, आणि यावा. ही विमानं माणसं मारायला बनवलेली होती. मेसरश्मिट १०९ ज्या राजवटीसाठी लढली तिने लाखो निरपराधांना छळछावण्यांत मारलं. हे बाजूला ठेवून नुसता पंखाचा आकार बघत बसणं आम्हाला मान्य नाही. म्हणून आमच्या टेबलावर प्रत्येक मॉडेलजवळ ते कुणी वापरलं आणि कशासाठी वापरलं, हे लिहिलेलं असतं. नाझी चिन्हाच्या टोप्या किंवा बिल्ले आम्ही मांडत नाही आणि विकतही नाही.

पण कारागिरी समजून घेणं वेगळं. मेसरश्मिटमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे नाक एकदम खाली घालून ती सूर मारू शके. त्याच वेळी मर्लिनचा कार्बोरेटर उपाशी पडे, मग भसकन जास्त पेट्रोल घेई आणि इंजिन गचके खाई. हे कौतुक केलं नाही तर पुढच्या प्रश्नातल्या बाईंचं मोठेपण कळणारच नाही.

मुलींना यात रस असतो का?

आमच्याकडे येणाऱ्या मुलींचे प्रश्न बऱ्याचदा जास्त नेमके असतात. त्यांना आम्ही बिअॅट्रिस शिलिंगची गोष्ट सांगतो. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेतली ही इंजिनिअर, एरवी नॉर्टन मोटरसायकलवर शर्यती मारणारी. वर सांगितलेल्या कार्बोरेटरच्या दुखण्यावर तिने १९४१ मध्ये उपाय काढला : मधोमध भोक असलेली एक छोटी चकती. भोक एवढंच, की पूर्ण जोरात लागेल तेवढंच पेट्रोल आत जावं, त्याहून जास्त नाही. त्यामुळे इंजिन बुडायचं थांबलं. ही चकती बसवायला विमान कारखान्यात न्यावं लागत नसे. शिलिंग स्वतः तळातळांवर फिरून ती बसवून देई. दुखणं पूर्ण बरं करायला पुढे नवे कार्बोरेटर आले, पण त्या मधल्या काळात या चकतीने किती जीव वाचवले असतील!

शिवाय ब्रिटनच्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरीत दीडशेहून जास्त महिला वैमानिक होत्या. कारखान्यातून निघालेली विमानं हवाई तळांवर पोचवायचं काम त्यांचं. रेडिओ नाही, आज स्पिटफायर तर उद्या बॉम्बर, सोबत एक छोटी माहितीची वही.

भारतीय वैमानिकांनी ही विमानं चालवली का?

चालवली, लढवली आणि गाजवली. १९४४ मध्ये जपानी फौजांनी इंफाळला वेढा दिला तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) हरिकेन घेऊन तिथेच ठाण मांडून होती. तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स झाले. डोंगर, पाऊस आणि ढगांतून खाली येऊन शत्रूच्या हालचाली टिपायच्या, फोटो काढायचे, बॉम्ब टाकायचे, असं ते काम. अर्जन सिंगांना डीएफसी हे पदक लावायला खुद्द माउंटबॅटन इंफाळच्या धावपट्टीवर आले होते. त्याच वर्षी आठव्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाल्या. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकरही ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढले, नंतर काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलं आणि १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले.

सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग मात्र स्वातंत्र्यानंतरचा, आणि तोच सगळे विसरतात. २७ ऑक्टोबर १९४७ ला डकोटा या मालवाहू विमानांतून सैन्य श्रीनगरला उतरू लागलं. काही दिवसांतच स्पिटफायर श्रीनगरच्या कच्च्या सोयींच्या धावपट्टीवर येऊन थांबल्या, आणि अंबाल्याहून टेम्पेस्ट येऊन पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांच्या ट्रकांवर मारा करू लागल्या. ७ नोव्हेंबरला श्रीनगरजवळच्या शालटेंगला झालेल्या निर्णायक लढाईत जमिनीवर चिलखती गाड्या आणि वर ही विमानं होती. श्रीनगर वाचलं. ज्या विमानांना लोक "इंग्रजांची" म्हणतात, ती आपल्या स्वतंत्र देशाच्या पहिल्या युद्धात आपल्या वैमानिकांच्या हातात होती. पहिलं जेट, व्हॅम्पायर, आपल्याकडे त्यानंतर वर्षभराने आलं.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. ब्रह्मदेशात "वरून विमानं शिधा टाकायची" असं ते सांगायचे म्हणे. ती हीच विमानं का?

शिधा टाकणारी विमानं बहुतेक डकोटा असायची. दोन इंजिनांची, संथ, आणि त्यांच्यावर एकही बंदूक नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर चौथ्या मराठा बटालियनने पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. तिथे वरून टाकलेलं पाणी आणि दारूगोळा बराचसा जपान्यांच्या बाजूला पडला. तरी जे हाती लागलं त्यावर ते लढले. पुढे इंफाळ वेढ्यात असताना सगळी फौज हवाई शिध्यावर जगली. डकोटा जपान्यांच्या तावडीत फारशा सापडल्या नाहीत, कारण वर स्पिटफायर होत्या. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पोटात गेलेल्या भाताला लढाऊ विमानांचा पहारा होता. समोर येणारी जपानी विमानं बहुतेक त्यांच्या लष्कराची हायाबुसा असायची. सगळे त्यांना झीरो म्हणून टाकतात, पण झीरो नौदलाची.

ही विमानं भारतात कुठे बघता येतील?

दिल्लीला, पालमच्या हवाई दल संग्रहालयात. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट तिन्ही आहेत, शिवाय वापिती आणि लायसँडर. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने थेट निजामुद्दीन गाठता येतं. उघडण्याचे दिवस आणि वेळ आधी बघून जा. टेम्पेस्टसमोर नक्की थांबा. फोटोत तिचा आकार कळत नाही. समोर उभं राहिलं की ते गोल नाक आणि चार पात्यांचा पंखा अंगावर येतो.

हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे टायगर मॉथ, हार्वर्ड आणि "परशुराम" नावाची डकोटा आहे. त्यातलं एकही लढाऊ विमान नाही. स्पिटफायर पूर्वी हवाई दल दिनाला उडत असे, आता ती जमिनीवरच आहे.

बाकीची कुठे गेली? आपल्याकडे तर शेकडो होती.

बरीचशी भंगारात गेली. तळांच्या कडेला गवतात पडलेली काही १९७० च्या दशकात परदेशी संग्राहकांनी नेली, वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केली, आणि त्यातली काही आज इंग्लंड-अमेरिकेच्या आकाशात उडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी ती जगवली. पण शालटेंगवर गेलेल्या जातीचं एकही विमान आज भारतात उडत नाही, ही गोष्ट मला लागते. कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमानं एचएएलच्या माणसांनी पुन्हा उभी करून हवाई दलाला दिली आणि ती १९६८ पर्यंत उडाली. म्हणजे हे आपल्याला जमत नव्हतं असं मुळीच नाही.

ब्रह्मदेशात जमिनीखाली खोक्यांत पुरलेल्या नव्याकोऱ्या स्पिटफायर आहेत म्हणे?

२०१३ मध्ये यांगूनच्या मिंगलाडॉन विमानतळावर खोदून बघितलं. एकही सापडली नाही. व्हॉट्सअॅपवर अजून फिरतं, पुढे पाठवू नका.

इतकी जुनी विमानं अजून उडवावीत का? अपघात होतात ना?

होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात किंगकोब्रा आणि बी-१७ एकमेकांवर आदळून सहा जण गेले. मे २०२४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती पथकातली स्पिटफायर कोसळून तिचा वैमानिक गेला. आमच्यातच यावर एकमत नाही. निवृत्त फौजी काका म्हणतात, माणसापेक्षा यंत्र मोठं नाही, संग्रहालयात ठेवा. माझं मत उडवावीत असं आहे, पण कसरती कमी कराव्यात, गर्दीपासून लांब, आणि विमानात फक्त लागणारीच माणसं असावीत. उडवायचं थांबवलं की इंजिन खोलणारे, पत्रा ठोकणारे, मॅग्नेटो जुळवणारे हातही संपतात. मग संग्रहालयातलं विमानही फक्त रंग दिलेलं टरफल उरतं.

मुलाला नाद लागला आहे. सुरुवात कुठून करावी?

१:७२ प्रमाणाच्या प्लास्टिकच्या किटपासून. स्पिटफायरचा पंखविस्तार त्यात साडेपंधरा सेंटिमीटर भरतो, टेबलाच्या कोपऱ्यावर मावतो. पहिलं मॉडेल स्वस्तातलं घ्या. चांगला कटर, बारीक पॉलिश पेपर आणि खिडकीजवळची जागा द्या. डिंक लावताना खिडकी उघडी असू द्या, वास डोक्यात जातो. रंग सांडेल, तेव्हा खाली वर्तमानपत्र हवंच. मॉडेल पूर्ण झालं की त्याला त्या विमानाच्या एका खऱ्या वैमानिकाबद्दल वाचायला लावा, शक्यतो भारतीय. सिम्युलेटरही चांगले आहेत, दांडा आणि पायातले पेडल मिळाले तर उड्डाणाच्या वेळची ती डावीकडची ओढ घरबसल्या कळते. परीक्षेच्या महिन्यात मात्र दोन्ही कपाटात.

घरात आजोबांचे जुने फोटो, पदकं, सर्व्हिस बुक आहे. तुम्हाला देऊ का?

आम्हाला देऊ नका, घरीच नीट ठेवा. फोटो अल्बमच्या चिकट पानांतून काढा आणि आम्लविरहित कागदात ठेवा. मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव, साल लिहा, बॉलपेन नको. सर्व्हिस बुकाच्या प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा, स्कॅन करा. पदकं ब्रासोने घासू नका. ब्रह्मदेशच्या मोहिमेचा बर्मा स्टार हा सहा टोकांचा तारा आहे, त्याची निळी-लाल-नारिंगी फीत जीर्ण झाली असली तरी मूळचीच राहू द्या. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याशी बोलून फोनवर रेकॉर्ड करा. पलटणीचा क्रमांक, गावांची नावं, बरोबरच्यांची नावं आधी विचारा, लढाईचं नंतर. स्कॅनची एक प्रत आम्हाला दाखवायला आणलीत तर त्यातलं विमान, तळ आणि साल ओळखायला आम्ही आनंदाने बसू. मागच्या बाजूचाही स्कॅन आणा, बऱ्याचदा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.